भडंगाच्या पुडीतली व्हेप

सांगलीहून परदेशी निघणाऱ्या माणसाच्या बॅगेत तीन गोष्टी असतातच: भडंग, बेदाणे आणि हळद. आमच्याही होत्या. चौथी गोष्टही होती, पण ती मला मुंबईत कळली.

माझी मेव्हणी सिंगापूरला असते. सासूबाईंना लेकीचं घर एकदा बघायचं होतं. म्हणून मी, बायको, सासूबाई आणि मेहुणा असे चौघं निघालो. जाताना दोन दिवस बँकॉक, मग सिंगापूर. रात्री पुष्पराज चौकातून स्लीपर गाडी धरली. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका करत हायवेला लागलो आणि साताऱ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी थांबली. मेहुणा गाडीमागं जाऊन उभा. आंब्याचा गोड वास आला. डिसेंबरात आंबा कुठला म्हणून बघायला गेलो, तर त्याच्या मुठीत पेनड्राइव्हच्या थोरल्या भावासारखं काहीतरी, आणि तोंडातून पांढरी वाफ. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट.

"सिगारेट सोडायला घेतलीय दाजी. सहा महिने झाले, एकबी ओढली न्हाय."

"अरे पण याला बंदी आहे."

"विकायला हाय. मी कुठं विकतोय?"

यात तो अगदीच चुकीचा नव्हता. 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात करणं, विकणं, वाहून नेणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे. साठवणं सोडलं तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतः ओढणाऱ्याचा वेगळा उल्लेख त्यात नाही. पण जी वस्तू आणता येत नाही, विकता येत नाही, ती याच्या खिशात आली कुठून, हे विचारलं तर मेहुणा पुण्यातल्या कुठल्यातरी मित्राचं नाव घेऊन विषय बदलतो. "विमानात नेऊ नको," एवढं मात्र मी बजावलं. तो मान हलवून वर जाऊन झोपला. आमच्याकडे मान हलवण्याचे दोन अर्थ होतात, हे मी ध्यानात घ्यायला हवं होतं.

मुंबईत बॅगा दिल्या, बोर्डिंग पास घेतले आणि जरा टेकतोय तोवर मेहुण्याच्या नावाचा पुकारा. आत एका टेबलावर त्याची बॅग. अधिकाऱ्यानं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: कपड्यांच्या मधोमध एक पुडा, आणि पुड्यात उभा एक गडद तुकडा. मेहुण्यानं बॅग उघडली. पुडा भडंगाचा होता. त्यानं तो घरी कडेनं कापून, आत व्हेप खोचून, पुन्हा मेणबत्तीवर चिकटवला होता! चिकटवलेली कड सुटली आणि त्या थंडगार, फिनेलच्या वासाच्या खोलीत लसूण, मिरची न् कढीपत्त्याचा असा काही दरवळ सुटला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीही मान वर केली. अधिकाऱ्यानं हातमोजा घातलेली दोन बोटं चुरमुऱ्यांत घातली आणि व्हेप बाहेर काढली. तिच्या तोंडाला एक शेंगदाणा चिकटला होता.

माणूस मराठीच निघाला. ओरडला नाही. "हे खालच्या सामानात का चालत नाही माहितीय का?" म्हणाला. लिथियमची बॅटरी असते. दाबली गेली, बटण चुकून चालू राहिलं, तर तापते आणि पेट घेते. वर माणसांजवळ पेटली तर निदान कुणाला दिसते, विझवता येते. खाली सामानाच्या पोटात कोण बघणार? म्हणून जगभरात ही वस्तू चेक-इन बॅगेत टाकायला मनाई आहे. बहुतेक देशांत हातातल्या बॅगेत चालते, फक्त विमानात ओढायची नाही आणि चार्ज करायची नाही.

"मग हातात घेतो की," मेहुणा म्हणाला.

"आपल्याकडे वर पण चालत नाही."

मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. खाली नाही, वर नाही, आणि बाहेर टाकून परत यायला वेळ नाही. कागदावर सही करून व्हेप तिथंच राहिली. भडंगाचा पुडा मात्र परत मिळाला. मेहुण्यानं त्याला सासूबाईंच्या पिशवीचा रबर लावला आणि बॅगेत कोंबला. सासूबाईंना कळल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं. "व्यसनापायी बहिणीच्या खाऊत घाण घातली" हे वाक्य विमान उडेपर्यंत चार वेळा झालं.

बँकॉकला तो मोकळा श्वास घेईल असं त्याला वाटलं होतं. सुखुमवितच्या फुटपाथवर संध्याकाळी हातगाड्यांवर व्हेप उघड मांडलेल्या दिसल्या, रंगीत, चॉकलेटच्या बरण्यांसारख्या. मेव्हणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, फोनवर होता. तो म्हणाला, "हात लावू नका." थायलंडनं व्हेपची आयात 2014 पासूनच बंद केली आहे. गाडीवाला विकतो ते त्याच्या जोखमीवर, पण पर्यटकाच्या खिशात सापडली तर तस्करीचा माल बाळगला म्हणून त्याच्यावरही दंड, प्रसंगी कैदेची वेळ येऊ शकते. गंमत अशी की त्याच गाडीमागच्या दुकानावर गांजाच्या पानाची हिरवी पाटी लुकलुकत होती. गांजाला तिथं 2022 मध्ये मोकळीक मिळाली, 2025 पासून डॉक्टरची चिठ्ठी लागते. आंब्याच्या वासाची वाफ गुन्हा आणि गांजा औषध, हे गणित मेहुण्याला सुटेना. शेवटी त्यानं साधं सिगारेटचं पाकीट घेतलं. सहा महिन्यांची कमाई त्या फुटपाथवर गेली.

सिंगापूरला निघायच्या आदल्या रात्री मेव्हणीचा फोन आला. "दादाची व्हेप गेली ते बरंच झालं." तिथं 2018 पासून व्हेप नुसती जवळ बाळगली तरी गुन्हा आहे, आणि 2025 च्या सप्टेंबरपासून तर शिक्षा आणखी कडक झाल्या. पहिल्यांदा सापडलेल्या मोठ्या माणसाला 700 सिंगापूर डॉलर दंड. आपले पंचेचाळीस हजारांच्या वर. "सिगारेटचं पाकीट पण संपवून या. इथं एका पाकिटाला पण सूट नाही, सांगून ड्युटी भरावी लागते." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आई, तुझी डबी?"

खोलीत शांतता.

सासूबाईंची डबी म्हणजे पांढऱ्या धातूची, झाकण बोटानं घासून घासून गुळगुळीत झालेली. लग्नात सासूनं दिलेली, म्हणतात. आत घरी तव्यावर भाजून कुटलेली मशेरी.

"माझी कसली तंबाखू? दात घासायची मशेरी हाय ती."

"आई, तोंडात धरायची तंबाखू न्यायला इथं बंदी आहे. त्यांना काय सांगणार, दात घासते म्हणून?"

मेहुण्यानं अंथरुणात तोंड खुपसलं. हसत होता. सासूबाईंनी बाथरूमचं दार लावून घेतलं, पाण्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळानं रिकामी डबी पदरानं पुसत बाहेर आल्या. त्या रात्री मेहुण्याला कुणी काही बोललं नाही.

सिंगापूरचं वर्णन मी करत बसत नाही, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला आठवतो तो ऑर्चर्ड रोड. 2019 पासून त्या अख्ख्या रस्त्यावर सिगारेटला बंदी आहे, ओढायची तर ठरवून दिलेल्या जागीच. मेहुण्यानं तिथलं पाकीट घेतलं, हजाराच्या घरात पडलं, आणि तो त्या जागेत अनोळखी माणसांत शाळेतून बाहेर काढलेल्या पोरासारखा उभा. सासूबाई रेषेबाहेर बाकावर. मशेरीवाचून चौथा दिवस, डोकं ठणकत होतं त्यांचं. लेकीनं आणलेला महागाचा ज्यूस तसाच हातात. त्याच्या धुराकडे बघत म्हणाल्या, "ह्याला निदान जागा तरी ठेवलीय."

घरी आल्यावर मेव्हणीनं मेहुण्याचे कपडे धुवायला काढले. रबर कधीच निसटला होता. शर्टांच्या घडीतून, पायमोज्यांतून चुरमुरे, शेंगदाणे, करपलेला लसूण पडत होता, अख्खी बॅग भडंगाच्या वासाची. ती वैतागली. सासूबाई मात्र खाली बसल्या, फरशीवरचे शेंगदाणे वेचून ओंजळीत घेतले, फुंकले आणि एकेक तोंडात टाकायला लागल्या. थोड्या वेळानं मेहुणाही शेजारी जाऊन बसला. "लसूण मला दे," म्हणाला. सोळाव्या मजल्यावर मायलेक रात्री अकरापर्यंत पायमोजे झाडून खात होते.

परतीचा प्रवास सरळ झाला. पहाटे मुंबईला उतरलो, संध्याकाळी सांगली. गावभागातल्या घरी बॅगा ओसरीवर ठेवल्या न ठेवल्या तोच सासूबाईंनी हातपाय धुतले, फळीवरचा तंबाखूचा पुडा काढला आणि गॅसवर तवा चढवला. पाच मिनिटांत घरभर तो खमंग, घसा धरणारा धूर. बायको खोकत अंगणात आली, मी तिच्यामागं. मेहुणा आतून धावत आला, एकामागून एक खिडक्या उघडल्या आणि ओरडला, "आये, ह्या धुरानं मारतीस का आम्हाला?"

आतून फक्त उलथन्याचा आवाज येत होता.