माथेरानचे आकाश

मुंबईच्या गच्चीवरून मृग नक्षत्राचे ठळक तारे दिसतात. पण सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर असलेला त्यातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, नीट न्याहाळायचा, तर हिवाळ्यातल्या अमावास्येला, साधी द्विनेत्री दुर्बीण घेऊन, माथेरान गाठावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या डोंगरावर मोटारींना बंदी असल्यामुळे गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापुढे हेडलाइटचा झोत क्वचितच डोळ्यांवर येतो, आणि हे फार मोलाचे आहे, कारण काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. विजेरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळावा, म्हणजे तिच्या उजेडाने हा सराव फारसा मोडत नाही. पश्चिमेला मुंबईचा उजेड क्षितिजावर पसरलेला असतो, म्हणून मी पूर्वेकडे तोंड करून बसतो. दिवसा तांबड्या मातीच्या वाटांवरून मनसोक्त भटकावे; मात्र अंधारात कड्याजवळ मुळीच जाऊ नये.