कातरणीची मजुरी सुटली पाहिजे : आमची वाटचाल

2011 च्या ज्येष्ठात सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात एका वाड्यावर, म्हणजे भटक्या मेंढपाळांच्या तळावर, मी लोकर विकत घेण्यासाठी गेलो होतो. वाघरीबाहेर, म्हणजे मेंढ्या कोंडण्याच्या जाळीबाहेर, नुकतीच कातरलेली काळी लोकर ढिगाने पडली होती. भाव विचारताच वाड्याचे कारभारी म्हणाले, “लोकर फुकट न्या, पर कातरणाऱ्याचं पैसं तेवढं तुम्ही द्या.” त्यांच्या या एका वाक्याने आमच्या घोंगड्यांच्या व्यवसायाची दिशा ठरली, म्हणून वाटचाल तिथूनच सांगतो.

आमचे घराणे सणगरांचे. आजोबा आणि वडील खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणत. त्या काळी मेंढपाळ लोकर घेऊन दारात येत आणि तिचे रोख पैसे घेऊन जात. पुढे पानिपतची स्वस्त ब्लँकेटे गावोगावच्या बाजारांत आली, पावसात घोंगड्याच्या खोळीऐवजी प्लॅस्टिकचा कागद अंगावर आला आणि आमच्या आळीतले माग एकेक करून बंद पडले. वडिलांचा माग बंद पडून सात वर्षे झाली असताना मी तो पुन्हा सुरू करायचे ठरवले, तेव्हा घरात कोणालाही ते शहाणपणाचे वाटले नव्हते.

मेंढपाळ लोकर फुकट का देतो, हे समजण्यासाठी त्याचा हिशेब मांडावा लागतो. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरली जाते आणि दोन्ही कातरण्या मिळून जेमतेम अर्धा किलो लोकर देते. त्या काळी आमच्या भागात भाव किलोला दहा रुपये होता, म्हणजे एका मेंढीमागे वर्षाला पाच रुपये मिळत. पुढे कातरणीची मजुरी एका वेळेला पंधरा, म्हणजे वर्षाला तीस रुपयांवर गेली आणि लोकरीचा भाव मात्र होता तिथेच राहिला. शंभर मेंढ्यांच्या मालकाला पाचशे रुपयांच्या लोकरीसाठी तीन हजार रुपये मोजावे लागत. न कातरून भागत नाही, कारण वाढलेल्या लोकरीत चिखल, काटे आणि गोचिड्या अडकतात आणि जनावर खंगते. लोकर हे उत्पन्न न राहता औषधपाण्यासारखा खर्च होऊन बसली होती.

या लोकरीला गिऱ्हाईक नसण्याची कारणे तिच्या जातीतच आहेत. कपड्यांच्या गिरण्यांना मेरिनोसारखी मऊ, बारीक लोकर लागते आणि ती ऑस्ट्रेलियातून येते. गालिच्यांसाठी बिकानेरच्या बाजारात भारतातली जाडी लोकर चालते, पण तिथे पांढऱ्या लोकरीला मान आहे, कारण काळ्यावर रंग चढत नाही. आमची लोकर जाडी, केसाळ आणि बहुतांशी काळी असते. देशातले लोकरीचे उत्पादन 2014-15 मध्ये सुमारे 4 कोटी 81 लाख किलो होते, ते 2022-23 मध्ये सुमारे 3 कोटी 36 लाख किलोंवर आले. जी वस्तू गोळा करून आणणेच परवडत नाही, तिचे उत्पादन घटले तर नवल नाही.

पहिली तीन वर्षे आम्ही चुका केल्या आणि त्या महागात पडल्या. मिळेल ती लोकर एकत्र भरून घेतली. आषाढात ओलसर पोती एकावर एक रचली, ती आतून तापली आणि जवळपास निम्मा माल कुजला. शहरातील एका दुकानाने 140 घोंगडी उधारीवर नेली. दीड वर्षाने पैसे आले, तेही पूर्ण नव्हते. त्यानंतर आम्ही उधारी बंद केली आणि लोकर वाड्यावरच निवडून घेऊ लागलो. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर, जिला आम्ही जावळ म्हणतो, ती वेगळी, पाठीवरची वेगळी आणि पोटापायांची वेगळी ठेवू लागलो. पोटापायांच्या लोकरीची आसने होतात. जावळाच्या घोंगड्याला साध्या घोंगड्याच्या दुपटीहून अधिक किंमत मिळते, आणि ती देणारे लोक आहेत, हे कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीच्या यात्रेत पाल मांडल्यावर आम्हाला कळले.

याच सुमारास मी एका घोंगड्याचा खर्च प्रथमच नीट कागदावर मांडला. एका घोंगड्याला कच्ची लोकर तीन किलो लागते. निवडून, झाडून, पिंजून त्यातली दोन किलो उरते. सर्वांत मोठा खर्च चरख्यावर सूत काढणाऱ्या बायकांच्या मजुरीचा, त्याखालोखाल विणकराचा. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो उन्हात कुंच्याने घासणे हे काम दोन माणसांचे आहे. सगळे मिळून साध्या घोंगड्याचा खर्च तेव्हा एकोणीसशे रुपयांच्या आसपास येत होता आणि त्यात लोकरीचे होते तीस रुपये! लोकरीला किलोमागे साठ रुपये दिले असते, तरी घोंगडे फक्त दीडशे रुपयांनी महागले असते, आणि साठ रुपये भाव मिळाला की मेंढपाळाची कातरणीची मजुरी बरोबर सुटत होती. 2015 पासून आम्ही तो भाव देऊ लागलो. ‘फुकट मिळते ती वस्तू विकत का घेतोस’, असे मला अनेकांनी विचारले. फुकटची लोकर ओली, काट्याकुट्यांची आणि मिसळीची असते, तर विकतची लोकर मालक स्वतः निवडून, कोरडी ठेवून, हाताने भरून देतो. आमची निवडण्याची मजुरी एवढी घटली की दीडशेतले निम्मे पैसे तिथेच भरून निघाले.

अर्थात लोकरीवर मेंढपाळाचे घर चालत नाही, ते कोकरावर चालते. खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्याचे पैसे किंवा धान्य मिळते, त्यावर वाटेतला खर्च भागतो. लग्न, दवाखाना आणि मुलांचे शिक्षण नर कोकरांच्या विक्रीतून होते. आटपाडीच्या शनिवारच्या किंवा लोणंदच्या गुरुवारच्या बाजारात ही विक्री नगावर, नजरेच्या अंदाजाने होत आली आहे. व्यापाऱ्याची नजर रोज हजार जनावरांवरून फिरलेली असते आणि मालक वर्षातून चार वेळा विकतो, त्यामुळे अंदाजातला फरक सहसा व्यापाऱ्याच्याच बाजूला जातो. 2016 मध्ये आम्ही वजनकाटा घेतला आणि लोकर देणाऱ्या वाड्यांची कोकरे जिवंत वजनावर घेऊन, मका, शेंगदाणा पेंड आणि तुरीच्या भुसकटावर शंभर दिवस वाढवून विकू लागलो. बारा किलोचे कोकरू चोवीस-पंचवीस किलोंचे होते. मरतूक शेकडा पाचाच्या वर गेली की नफा संपतो, म्हणून आंत्रविषार आणि पीपीआर या मेंढ्यांच्या जीवघेण्या रोगांवरची लस चुकवून चालत नाही.

भाव श्रावणात पडतो आणि बकरी ईदच्या आधी चढतो. ही ईद दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. 2016 मध्ये ती 13 सप्टेंबरला होती, 2023 मध्ये 29 जूनला. कार्तिकात जन्मलेल्या कोकराला 2016 मध्ये ईदपर्यंत दहा महिने मिळाले होते, 2023 मध्ये साडेसातच मिळाले. त्यामुळे खुराकाचे सगळे वेळापत्रक आम्हाला बदलावे लागले. 2020 मध्ये जनावरांचे बाजारच बंद राहिले आणि ईदसाठी वाढवलेले 60 मेंढे आम्ही खर्चाच्या खाली विकले.

कोल्हापुरात 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आंदोलन झाले, तेव्हा गिऱ्हाईक आणि विक्रेते यांची बाजू सर्वांनी ऐकली. मेंढी पाळणाऱ्याला काय मिळते, हे कोणी विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. जिवंत वजनाच्या निम्म्याहून कमी मटण निघते आणि कातड्याला आता जवळपास भाव नाही, म्हणून जिवंत वजनाचा दर काट्यावर किलोला साडेतीनशे असेल, तर दुकानात मटणाचा दर सातशेच्या पुढे दिसतो. मालकाच्या साडेतीनशेत मात्र वर्षभराची पायपीट असते आणि 1 व 2 डिसेंबर 2021 सारख्या अवकाळी पावसात उघड्यावर गारठून दगावलेली जनावरेही असतात. त्या दोन दिवसांत आमच्याशी जोडलेल्या एका वाड्यातल्या 23 मेंढ्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच नुकत्याच कातरलेल्या होत्या. त्यानंतर आम्ही दिवाळीची कातरणी उशिरा करू नये, असे सर्वांना आग्रहाने सांगतो आणि दिवाळीच्या आठवड्यात लोकरीचे पैसे जागेवर देतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या, जुळी कोकरे देणाऱ्या नारी सुवर्ण मेंढ्या आमच्याशी जोडलेल्या मेंढपाळांपैकी दोघांनी घेतल्या आहेत. एका जागी राहणाऱ्याला त्यांचा चांगला फायदा झाला. भटकंती करणाऱ्याला मात्र चालत्या मेंढीच्या दुधावर दोन कोकरे जगवणे जड गेले.

आज आमच्याकडे चार माग, अकरा सूत कातणाऱ्या बायका आणि बारा वाडे आहेत. वर्षाला सुमारे 900 किलो लोकर आम्ही घेतो आणि त्यातून अडीचशेच्या आसपास घोंगडी निघतात. कातरणीची मजुरी आता मेंढीमागे एका वेळेला वीस रुपये झाली आहे, म्हणून यंदाच्या ज्येष्ठापासून लोकरीचा भाव किलोला ऐंशी रुपये केला आणि घोंगड्याची किंमत साठ रुपयांनी वाढवली. भाव जाहीर केल्यानंतर आठ दिवसांनी तेरावा वाडा आमच्याकडे आला. त्यांनी जावळ आधीच वेगळ्या पोत्यात भरून आणले होते.