क्रियापदाचे घर शेवटी: आफ्रिकान्स वाक्यरचना शिकताना

केपटाऊनच्या उत्तरेकडील बेलव्हिल या उपनगरात आम्ही 2019 मध्ये राहायला आलो, तेव्हा आफ्रिकान्स शिकण्याचा माझा काहीही विचार नव्हता. मुलगी चौथीत गेली आणि तिचा आफ्रिकान्सचा गृहपाठ घ्यायला घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी तिच्या शेजारी बसू लागले. पहिल्या काही आठवड्यांतच माझ्या हातून एक चूक झाली. ‘उद्या मी दुकानात जाणार आहे’ हे वाक्य तिने ‘मॉरऽ खान एक विंकल टू’ असे अगदी बरोबर लिहिले होते. (हे उच्चार देवनागरीत जवळपासचेच उतरतात. ‘एक’ म्हणजे ‘मी’, ‘खान’ म्हणजे ‘जाणे’.) इंग्रजीत ‘उद्या’नंतर कर्ता येतो आणि मग क्रियापद, या सवयीने मी ते खोडायला लावून ‘मॉरऽ एक खान’ करून दिले. वही परत आली तेव्हा ‘एक’भोवती लाल वर्तुळ होते आणि तेथून एक बाण ‘खान’च्या पलीकडे गेला होता. मुलीचे बरोबर आलेले वाक्य मी चुकवले, याचे मला फार वाईट वाटले, आणि त्या दिवसापासून मी ही भाषा नीट शिकायचे ठरवले.

सुरुवात सोपी वाटली. आफ्रिकान्समध्ये नामांना लिंग नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. जातो, जाते, जातात या सगळ्यांना एकच रूप पुरते. भूतकाळही बहुतेक क्रियापदांचा एकाच साच्यात होतो. परंतु शब्दांची रूपे इतकी साधी असल्यामुळे वाक्याचा बहुतेक भार शब्दक्रमावर पडतो, हे मला फार उशिरा कळले.

इथल्या शाळांत मुलांना ‘स्टॉम्पी’ नावाचे सूत्र शिकवतात. कर्ता, त्यानंतर पहिले क्रियापद, मग काळ, कर्म, रीत, स्थळ आणि शेवटी दुसरे क्रियापद, असा तो क्रम आहे. ‘एक हेट खिस्टर ब्रुअट खकुअप’ म्हणजे ‘मी काल पाव विकत घेतला’. यातले ‘हेट’ हे साहाय्यक क्रियापद दुसऱ्या जागेवर आणि ‘खकुअप’ हे मुख्य क्रियापद अगदी शेवटी. वाक्याची सुरुवात कर्त्याने न करता काळाने केली, तर कर्ता क्रियापदाच्या पलीकडे जातो, पण क्रियापद आपली दुसरी जागा सोडत नाही. ही दुसरी जागा शब्दांची नसून पदसमूहांची असते, हेही समजून घ्यावे लागले. ‘फरलीडऽ वीक’, म्हणजे ‘गेल्या आठवड्यात’, हे दोन शब्द मिळून एकच जागा घेतात आणि त्यांच्यामागोमाग लगेच ‘हेट’ येते.

सूत्र पाठ झाले तरी गौण वाक्यांत मी अडखळतच राहिले. शाळेत उभयान्वयी अव्ययांचे तीन गट शिकवतात. पहिल्या गटातल्या अव्ययांनी, म्हणजे आणि, पण किंवा ‘वान्ट’ (कारण) यांनी, क्रम बदलत नाही, दुसऱ्या गटातल्यांनंतर, म्हणजे ‘म्हणून’सारख्या अव्ययांनंतर, लगेच क्रियापद येते, आणि तिसऱ्या गटातली क्रियापदाला वाक्याच्या शेवटी पाठवतात. ‘वान्ट’ आणि ‘ओमडाट’ या दोहोंचा अर्थ ‘कारण’च, पण ‘वान्ट’नंतर ‘एक अस सीक’ म्हणायचे आणि ‘ओमडाट’नंतर ‘एक सीक अस’. एका संध्याकाळी मी ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली आणि दुसऱ्याच्या प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द मांडला: ‘एक’ म्हणजे मी, ‘सीक’ म्हणजे आजारी, ‘अस’ म्हणजे आहे. क्रम तंतोतंत आपलाच होता. इतके दिवस ज्या रचनेला मी अपवाद समजून घोकत होते, तिच्यात क्रियापद मराठीसारखे आपल्या घरी, म्हणजे शेवटी, बसलेले होते. उलट मुख्य वाक्यातच एक क्रियापद ते घर सोडून दुसऱ्या जागेवर येते. तेव्हापासून मी वाक्य मनात मराठीच्या क्रमाने जुळवते आणि मुख्य वाक्य असेल तरच पहिले क्रियापद पुढे आणते. मराठी माणसाने ही भाषा इंग्रजीच्या आधाराने शिकू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

अर्थात सगळे जुळत नाही. आपण ‘मी काल शाळेत पुस्तक वाचले’ असे म्हणतो, म्हणजे स्थळ आधी आणि कर्म क्रियापदाला लागून. आफ्रिकान्समध्ये सहसा पुस्तक आधी आणि शाळा नंतर. हा क्रम अजूनही माझ्याकडून चुकतो. दुसरीकडे ‘विंकल टू’मधला ‘टू’ आपल्या ‘कडे’सारखा नामाच्या मागे येतो आणि ‘फर’ हा शब्द बोलण्यात माणसाच्या नावाआधी आपल्या ‘ला’चे काम करतो, हे पाहून मला फार आनंद झाला.

सर्वांत जास्त वेळ नकाराला लागला. आफ्रिकान्समध्ये ‘नी’ बहुधा दोनदा येते: ‘एक कुअप नी ब्रुअट नी’, ‘मी पाव विकत घेत नाही’. दुसरे ‘नी’ मी सतत विसरत असे. शेजारच्या वृद्ध बाई, ज्यांना आम्ही इथल्या रीतीप्रमाणे ‘टानी’ म्हणतो, माझे वाक्य संपले तरी माझ्याकडे पाहत थांबत. त्यांच्या कानाला ते वाक्य संपलेलेच नसे. ‘कोणीच’ या अर्थाच्या ‘नीमान्ट’नंतरही शेवटी ‘नी’ हवेच, तेव्हा मला ‘कोणीच आले नाही’ हे वाक्य आठवले; आपणही ‘कोणीच’ म्हणून थांबत नाही, शेवटी ‘नाही’ म्हणतोच. ‘एक वीअट नी’, म्हणजे ‘मला माहीत नाही’, यासारख्या छोट्या वाक्यात मात्र पहिले ‘नी’च शेवटी असल्यामुळे दुसरे लागत नाही. पण त्याला गौण वाक्य जोडले, की वाक्य संपवणारे दुसरे ‘नी’ त्या सबंध जोडवाक्याच्या टोकाला जाते.

गेल्या हिवाळ्यात मुलीला ताप आला. सकाळी शाळेत फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी आफ्रिकान्समध्येच विचारले, की ती उद्या येणार का. मी न थांबता म्हणाले, ‘एक वीअट नी ऑफ सेय मॉरऽ साल कॉम नी’. ती उद्या येईल की नाही, हे मला माहीत नाही. ‘साल कॉम’ शेवटी गेले होते आणि त्यानंतरचे ‘नी’ही आपल्या जागेवर होते. बाई ‘बरे’ म्हणाल्या आणि त्यांनी हजेरीत तशी नोंद केली.