वर दोर लावला कसा?

बेलापूरच्या टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या पायवाटेला अगदी चिकटून एक कातळ आहे. दुमजली चाळीएवढा असेल. उन्हं कलली की आम्ही तिथे कातळ चढायला टॉप रोप, म्हणजे वरून सोडलेला दोर, लावतो आणि येणारा-जाणारा थांबून विचारतो, "वर दोर लावला कसा?" मागच्या वाटेने चालत गेलो, वर दोन बोल्टांना अँकर केला, दोर ओवून दोन्ही टोकं खाली सोडली, असं सांगितलं की त्याचा चेहराच पडतो. त्याला घोरपड हवी असते. "म्हणजे वाट आहे? मग इथून कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. शोधायचंही नाही.

कातळ आपलाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातले वायूचे बुडबुडे गेले आणि भोकं राहिली. त्यात बोटाचं एक पेर मावतं. त्या एका पेरावर माणूस लोंबकळतो. मला मात्र चढण्यापेक्षा बिले (belay) द्यायला, म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळायला आवडतं. वर चढणारा एक हात पुढे सरकला की तेवढा दोर ओढून घ्यायचा, ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा हात काही झालं तरी सोडायचा नाही. "टाईट!" ओरडून तो सुटला की आपलाच हार्नेस, कमरेचा पट्टा, वर खेचला जातो, टाचा उचलल्या जातात. झटका शोषायला दोर थोडा ताणणाराच केलेला असतो; म्हणून सुरुवातीला तो ताठ ठेवायचा, नाहीतर दोर शाबूत आणि माणूस जमिनीवर. 2016 साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला. त्यात दोर नाहीच, खाली गाद्या. कसब अफाट, पण मला चुकल्यासारखं होत राहिलं.

मामाच्या गावच्या विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला पांगाऱ्याचा बिंडा आणि कमरेला कासरा बांधून. टोक आजोबांच्या हातात. "पाय मार, पाय!" एवढं बोलून ते बांधावरच्या कुणाशी तरी उसाच्या तोडीचं बोलू लागत. बोलणं रंगलं की कासरा सैल. नाकातोंडात पाणी गेलं की मी ओरडायचो, मग एक हिसका. एकदा धापा टाकत पायऱ्यांवर आलो तर कासऱ्याचं टोक दगडाखाली आणि आजोबा चंची सोडून निवांत पान लावतायत. "पवलास की रं," म्हणाले. आई अजून हे कौतुकाने सांगते. माझा राग काही गेलेला नाही.

तेव्हा काका, काय विचारायचं ते उतरून बसलेल्यांना विचारा. ज्याच्या हातात दोर आहे, त्याला "याचे पैसे मिळतात का?" असलं काही नको. तो वर बघत राहतो ते शिष्टपणाने नव्हे. आणि पिशवीतली पांढरी पूड मॅग्नेशियम कार्बोनेट आहे, घाम टिपायला. नातवाला आवरा, मघापासून बोट चाटतोय.