त्या वर्षी क्लब बंद का नाही केलात?

मांडव्याजवळ आमचा शिडाच्या बोटींचा छोटा क्लब आहे. मी त्याची चिटणीस. नवी ओळख झाली की हा प्रश्न येतोच: २०२० साली वर्गणी येत नव्हती, बोटी मोडल्या, मग टाळं का नाही लावलंत? तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

मे संपायच्या आत आम्ही बोटी वर काढतो आणि पावसाळ्यासाठी शाकारून ठेवतो. त्या वर्षी २५ मार्चला टाळेबंदी लागली, गेटवेच्या लाँच थांबल्या आणि बहुतेक सभासद मुंबईत अडकले. आमच्या पाच कीलबोटी, म्हणजे तळाला जड कणा असलेल्या मोठ्या बोटी, पाण्यातच राहिल्या. एकेक ओढायला दहा-बारा माणसं लागतात आणि जमावबंदी होती.

१ जूनला निसर्ग वादळ आपल्याकडेच येतंय हे कळलं. क्लबचे खलाशी तांडेलकाका म्हणाले, "ताई, आधी पोरांच्या बोटी." ऑप्टिमिस्ट ही मुलांची बोट, लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, वजन ३५ किलो. अशा चौदा होत्या. कोळीवाड्यातल्या बायकांनी आणि मुलांनी त्या उचलून देवळाच्या सभामंडपात नेल्या आणि एकीवर एक पालथ्या रचल्या. मोठ्या बोटींसाठी भरतीची वाट बघावी लागली. पौर्णिमा ५ तारखेची, त्यामुळे पाणी चढतं होतं. दोन दिवसांत ट्रॅक्टरने तीन वर आल्या. उरलेल्या दोघींना दुहेरी दोर लावले, शिडं उतरवली आणि आम्ही घरी आलो.

३ जूनला दुपारी वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी वाडीत गेले तर सुपाऱ्या आडव्या, पोफळीची आख्खी रांगच्या रांग. एक बोट जागेवर होती. दुसरी दोर तोडून तिवरांत शिरलेली, पोटाला हात जाईल एवढं भोक. भोकाच्या कडेला तिवराची एक फांदी अडकून बसली होती, पानं अजून हिरवीगार.

मी उभी राहून ती बोट बघत होते आणि तांडेलकाका माझ्या शेजारी. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग कळलं, त्यांच्या घराची कौलं उडाली होती आणि ते पहाटेपासून क्लबवर होते.

त्या संध्याकाळी ठरलं, पण ठराव व्हायला तीन आठवडे लागले, कारण वीज नव्हती आणि फोन लागत नव्हते. बोटदुरुस्तीसाठी राखलेले पैसे आधी दोन्ही खलाशांच्या आणि वॉचमनच्या छपरांना द्यायचे, पगार पूर्ण द्यायचा, बोटी थांबतील. काही सभासदांना हे पटलं नाही. एकाने वर्गणी परत मागितली, एकाने ऑप्टिमिस्ट विकायला सांगितलं. त्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याही नोकऱ्या गेल्या होत्या. ज्यांना जमलं नाही त्यांची वर्गणी माफ केली, यादीतून कुणाचंही नाव काढलं नाही. पण ऑप्टिमिस्ट विकायला मी ठाम नकार दिला. ज्या हातांनी त्या देवळात नेल्या, त्यातली निम्मी मुलं आमच्याकडे शिकणारी होती. बोटी विकल्या असत्या तर त्या मुलांसमोर कुठल्या तोंडाने गेले असते?

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. टाळं लावलं असतं तर मुंबईतल्या सभासदांचा एक छंद थांबला असता, एवढंच. इथल्या तीन घरांची मात्र चूल थांबली असती.

नारळी पौर्णिमेला, ३ ऑगस्टला, आम्ही चौघांनीच नारळ सोडला. पुढच्या एप्रिलमध्ये चेन्नईची नेत्रा कुमनन ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींसाठी पात्र ठरली. असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ही बातमी मी मुलींना पुन्हा पुन्हा सांगितली. मग मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. या वेळी पाचही बोटी वेळेत वर होत्या.

तिवरांतली बोट आम्ही फायबरने बुजवली. रंग काही जुळला नाही. पोटावर फिकट निळं ठिगळ दिसतं. बोट ढकलताना मुलं त्याच जागी तळहात टेकवतात.