तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी वैतागली आहेस, तर नोकरी सोडत का नाहीस?

मैत्रिणी विचारतात, जुने सहकारी विचारतात, आणि परवा ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीनेही जरा संकोचत हेच विचारलं. विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, हे मला कळतं. म्हणून दर वेळी ‘बघू’ म्हणत विषय बदलण्यापेक्षा एकदा नीट उत्तर द्यावं म्हटलं.

नोकरीचं आधी सांगते, ते थोडक्यात आटोपतं. जलशुद्धीकरण प्रकल्पांची डिझाइनं करायला मी या कंपनीत आले. गाळ खाली बसायला पाण्याने टाकीत किती वेळ थांबायला हवं, कुठपर्यंत ते उताराने आपोआप जाईल आणि कुठून पंप लागेल, या हिशेबांची मला गोडी होती, अजून आहे. मग बढती मिळाली आणि मी समन्वयाच्या जागेवर गेले. आता इतरांच्या ड्रॉइंगवर कुणाची सही राहिली आहे ते शोधायचं, तक्त्यातली तारीख पुढे ढकलायची आणि ती का ढकलली ते शेजारच्या रकान्यात लिहायचं. पगार वेळेवर होतो, माणसं चांगली आहेत. पण आज मी काय केलं असं कुणी विचारलं, तर बोट ठेवून दाखवावं असं काही नसतं.

आता दुसरी गोष्ट. माझ्या बाबांना पल्मोनरी फायब्रोसिस आहे. या आजारात फुप्फुसांच्या नाजूक पेशीजालाच्या जागी व्रणासारखा जाड, ताठर थर तयार होत जातो आणि प्राणवायू रक्तात उतरायची वाट अरुंद होत जाते. झालेला व्रण पुन्हा मऊ होत नाही. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही औषधं आजाराचा वेग कमी करतात, त्याला मागे फिरवत नाहीत. बाबांसारखं ज्यांच्या आजाराचं कारण सापडत नाही, त्यांच्याबाबत निदानानंतर साधारण ३ ते ५ वर्षं असा अंदाज सांगतात. तो सरासरीचा आकडा. कुणी त्याच्या पुष्कळ पुढे जातं, कुणाचं एखाद्या संसर्गाने काही दिवसांत बिघडतं. आपलं माणूस यातलं कोणतं, हे कुणीच सांगू शकत नाही.

बाबा पूर्वी गोष्ट सांगायला बसले की तिला इतके फाटे फोडायचे की आई म्हणायची, ‘अहो, मूळ मुद्द्यावर या.’ आता ते क्रियापदापर्यंत पोचायच्या आधी एकदा थांबतात, श्वास घेतात, मग वाक्य पुरं करतात. आम्ही सगळे त्या थांबण्यात गप्प राहायला शिकलो आहोत. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर रक्तातला प्राणवायू बसल्या जागी ९२ टक्के दिसतो, खोलीतल्या खोलीत चालले की ८६. आकडा उतरला की ते माझ्याकडे बघतात, मी तो बघितला का ते पाहायला.

या सगळ्याचा नोकरीशी संबंध काय? सांगते.

मी प्रयत्न करत नाही असं नाही. मध्यंतरी एका ठिकाणी अगदी मला हवं तसं डिझाइनचं काम निघालं. अर्ज भरत शेवटच्या पानावर आले, तिथे रकाना होता: कधी रुजू होऊ शकाल? सुरुवातीचे काही महिने प्रकल्पाच्या जागेवर राहावं लागणार होतं. शेजारच्या खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची घरघर चालू होती. तारीख लिहायची तर तोवर बाबा कसे असतील हे धरून चालावं लागणार. आणि मनाने ते लगेच धरलंसुद्धा: पुढच्या वर्षी जमेल. पुढच्या वर्षी का जमेल? याचं उत्तर मला माहीत होतं. मी फॉर्म बंद केला.

माझं अडकणं हे आहे. वाटा नाहीत, असं नाही. जी वाट काढावी तिच्या पहिल्याच पायरीवर बाबांचं जाणं आहे. माझं आयुष्य पुढे सरकावं अशी इच्छा केली की त्यांनी लवकर जावं असं मागितल्यासारखं होतं. त्यांनी राहावं असं म्हटलं की सगळं आहे तसंच राहू दे असं मागितल्यासारखं होतं. दोन्ही इच्छा खऱ्या आहेत, आणि एकीला दुसरीसमोर उभं राहता येत नाही. दीर्घ आजाऱ्याची सेवा करणाऱ्या कित्येकांच्या मनात हे येत असणार. ते कुणाजवळ बोलत नाहीत, कारण ऐकणारा काय समजेल याची भीती असते. मनात असा विचार आला म्हणून कुणी आपल्या माणसावर कमी प्रेम करत नसतं. हे मला अगदी खात्रीने म्हणायचं आहे.

माणूस जाण्याआधीच सुरू होणाऱ्या या शोकाबद्दल मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्ये लिहून ठेवलं आहे. १९४२ साली बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागून ४९२ जण गेले. त्या दुर्घटनेत आपली माणसं गमावलेल्यांशीही बोलून त्यांनी शोकाचा अभ्यास मांडला, आणि शेवटी एक वेगळाच प्रसंग नोंदवला. युद्धावरून जिवंत परतलेल्या एका सैनिकाची तक्रार होती, की बायकोचं आता त्याच्यावर प्रेम उरलेलं नाही, तिला ताबडतोब घटस्फोट हवा आहे. तो मरेल असं धरून तिने त्याचा शोक आधीच इतका पुरता केला होता की तो परत आला तेव्हा तिच्या मनात त्याला जागा नव्हती. मला हे वाचून धास्ती वाटली. बाबा समोर बसलेले असताना मी मनाने त्यांना निरोप देऊन मोकळी होऊ नये, एवढंच मला हवं आहे.

नोकरीचा राग याच कामी येतो, असं मला आता वाटतं. बाबांसमोर रडता येत नाही, डॉक्टरांवर चिडण्यात अर्थ नसतो. तक्त्यावर मात्र चिडता येतं. ऑफिसातून घरी येताना जो संताप दाटून येतो त्यातला कंटाळ्याचा किती आणि बाबांचा किती, हे मला आज वेगळं करता येत नाही. ते वेगळं होईपर्यंत मी राजीनामा देणार नाही. शिवाय इथे रजा मागितली की मिळते, दुपारी अचानक निघावं लागलं तर कुणी कारण विचारत नाही. कामात काही उरलं नसलं तरी या मोकळिकीची किंमत आज फार मोठी आहे.

बाबांनीही विचारलंच. ‘माझ्यासाठी,’ मग श्वास, ‘थांबू नकोस.’ मी म्हटलं, ‘बाबा, मला थांबायचंय.’ त्यांनी मान हलवली आणि नवीन टाकीचं डिझाइन कोण करतंय ते विचारलं. म्हटलं, दुसरा मुलगा करतोय. ‘तपासतेस ना?’ मी नव्हते तपासत. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन आकडेमोड तपासायचं काम मागून घेतलं. आठवड्यातली एक दुपार त्यात जाते, आणि ती दुपार माझी असते.

फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी दर तीन-चार महिन्यांनी असते. तिचा अहवाल आला की नोकरीचा प्रश्न पुन्हा समोर घ्यायचा, मधल्या काळात रोज रात्री उकरून काढायचा नाही, असं मी स्वतःशी ठरवलं आहे. तेव्हा पुढची तपासणी झाली की पुन्हा विचारा. उत्तर हेच असेल असं नाही.