उजव्या कानात टकटक आणि वायर डाव्या डोळ्याखाली

गेले दोन महिने मला मधेच बोटीत बसल्यासारखं डुलायला होतंय, ऐकायची टेस्ट एकदम नॉर्मल, मग ईएनटी डॉक्टरांनी ओ-व्हेम्प (आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग तपासायची, डोळ्याखाली इलेक्ट्रोड लावून करायची टेस्ट) लिहून दिली. मला वाटलं परत ते कानात गरम-गार पाणी सोडायचं प्रकरण (एकदा केलंय, नंतर अर्धा तास डोकं उचलवत नव्हतं!). पण यात चक्कर येतच नाही.

आधी त्या टेक्निशियन ताईंनी दाणेदार जेलने डोळ्यांखालचा गाल खसाखसा घासला, पातेलं घासावं तसा, आणि इलेक्ट्रोड चिकटवले. मग आडवं पडून छतावरच्या लाल टिकलीकडे बघायचं, मान न हलवता, नुसते डोळे वर. पापणी जड झाली की लगेच "वर बघा, वर बघा". कारण असं की डोळ्याखाली इन्फिरियर ऑब्लिक नावाचा स्नायू असतो, वर बघताना तो आकसतो आणि इलेक्ट्रोडच्या जवळ येतो, नजर खाली आली की सिग्नल गेलाच म्हणून समजा.

उजव्या कानात ५०० हर्ट्झची टकटक सुरू झाली, चांगलीच मोठ्याने, आणि ताई बघतायत डाव्या डोळ्याचा ग्राफ. मी म्हटलं वायरी उलट्या लागल्यात वाटतं. त्या हसल्या. आतल्या कानात युट्रिकल म्हणून पिशवी असते, तिच्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे, डोकं कलतंय का सरकतंय हे कळायला. ऐकण्याशी तिचा काही संबंध नाही, पण आवाज मोठा असला की तीही हलते, आणि तिचा निरोप मेंदूच्या देठातून पलीकडे जाऊन समोरच्या बाजूच्या डोळ्याला पोचतो. साधारण १० मिलिसेकंदात! लाट जेमतेम काही मायक्रोव्होल्टची, म्हणून शंभरेक वेळा टकटक करून सरासरी काढतात. मानेच्या स्नायूवरची अशीच टेस्ट नव्वदच्या दशकातली, ती सॅक्युल नावाच्या दुसऱ्या पिशवीची, आणि डोळ्यावरची २००५ मध्ये रोझेनग्रेन, टॉड आणि कोलबॅच यांनी दाखवली, तीही कानात आवाज सोडून नाही तर हाडातून देऊन.

माझी डाव्या कानाची लाट छान आली, उजव्याची सपाट रेघ. पोटात गोळाच आला. मग ताईंनी विचारलं, सर्दी झालीये का? होती ना, आठवडाभर, उजवा कान दडे बसल्यासारखाच होता. पडद्यामागे पाणी साठलं की आवाज आत पोचतच नाही, युट्रिकल बिचारी धडधाकट असली तरी. मग कपाळावर केसांच्या रेषेपाशी व्हायब्रेटर टेकवून धक्के दिले, हाडातून, आणि दोन्ही डोळ्यांखाली लाटा आल्या, जवळजवळ सारख्या. हे आधीच विचारलं असतं तर माझी ती पाच मिनिटं जरा बरी गेली असती, असो.

आतल्या कानातल्या वरच्या अर्धवर्तुळ नळीवरचं हाड विरळ झालं असेल तर हीच लाट उलट भलतीच मोठी येते म्हणे, अशा लोकांना स्वतःचे डोळे फिरल्याचाही आवाज ऐकू येतो. मी घरी येऊन रात्री शांततेत डोळे फिरवून बघितले. काही नाही.

मानेची टेस्ट सर्दी गेल्यावर. तोवर दोन्ही गालांवर लाल चट्टे आहेत आणि ऑफिसमध्ये प्रत्येक जण विचारतोय, कुठे धडपडलीस?